गणपतीच्या गर्दीवरचा ड्रोन कुणाचा?
लालबाग-परळच्या मिरवणुकीवर घिरट्या घालणारा ड्रोन मंडळाचा, पोलिसांचा की आणखी कुणाचा, हे खालून कळत नाही. बंद पडला तर तो थेट माणसांच्या डोक्यावर येतो. म्हणूनच ‘ड्रोन नियम, २०२१’ने नोंदणी आणि ओळख क्रमांक सक्तीचा केला. या नियमांनी आकाशाची रंगांनुसार क्षेत्रे पाडली आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीविना उडवण्याची मुभा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूटच. लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी हवी. पोलीसही ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करू शकतात. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे यांवर बंदी घालतात. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक-परवाना लागत नाही. बंदी मात्र त्यालाही लागू. उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा या क्षेत्रांचा नकाशा पाहाच.