यवतमाळ ते सागरतीर : एस.टी.च्या साथीने

यवतमाळ जिल्ह्याला वर्धा आणि पैनगंगेसारख्या नद्या लाभल्या. समुद्र मात्र लाभला नाही. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी सागरतीरी जावे, ही इच्छा येथील कित्येक घरांत वर्षानुवर्षे जपली जाते. विमानप्रवास आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आल्याने ही इच्छा पूर्ण होणे सोपे झाले आहे. नागपूरहून विमानाने गोव्याला जाणाऱ्यांत जिल्ह्यातील निवृत्त दांपत्येही दिसू लागली आहेत.

तथापि, अशा सहलीचा हिशेब मांडताना एक बाब हमखास सुटते. विमानाचे तिकीट आधी काढून चार पैसे वाचवले जातात. परंतु घर ते विमानतळ आणि विमानतळ ते समुद्रकिनारा हे प्रवास जाताना-येताना मिळून चार वेळा करावे लागतात. प्रत्येक वेळी टॅक्सी केली, तर तिकिटात साधलेली बचत सहज खर्ची पडते. मर्यादित निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांच्या बाबतीत सहल होणार की पुढच्या वर्षावर ढकलली जाणार, हे पुष्कळदा याच खर्चावर ठरते.

पहिला टप्पा : यवतमाळ ते नागपूर

यवतमाळजवळ भारी येथे धावपट्टी आहे. पण तेथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. म्हणून सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाचाच आधार घ्यावा लागतो. कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी या मार्गाने जाणारी एस.टी. हे त्यासाठी सर्वांत सुलभ साधन आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गावर फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली आहे. हा मार्ग पूर्ण होईपर्यंत मुख्य भिस्त एस.टी.वरच राहणार.

एस.टी.च्या सवलतींची माहिती प्रत्येक कुटुंबाने ठेवावी. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते. मार्च २०२३ पासून महिलांनाही भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. म्हणजे ७६ वर्षांचे आजोबा, ६८ वर्षांच्या आजी, मुलगा आणि सून असे चौघे निघाले, तर एकूण दोनच पूर्ण तिकिटांचे पैसे द्यावे लागतात. ज्येष्ठांनी वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ बाळगावे.

नागपूरचा विमानतळ वर्धा मार्गालगतच असल्याने यवतमाळहून येणारी गाडी शहरात शिरण्यापूर्वी त्याच परिसरातून जाते. तेथे थांबा मिळेल का, हे वाहकाला बसतानाच विचारावे. मिळत नसेल, तर गणेशपेठ बसस्थानकावर उतरून सीताबर्डीहून मेट्रोने मागे यावे. मेट्रोचे एअरपोर्ट स्थानक विमानतळाच्या आवाराबाहेर आहे, त्यामुळे शेवटच्या अंतरासाठी ऑटो धरणे इष्ट. परतताना मात्र रस्त्यावर गाडीला हात दाखवत उभे राहण्याऐवजी थेट गणेशपेठ गाठावे. तेथे बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक असते.

दुसरा टप्पा : विमानतळ ते किनारा

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा जुना विमानतळ वास्को शहराजवळ आहे, तर पेडणे तालुक्यातील मोपा येथील नवा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. तिकीट काढतानाच आपले विमान कोठे उतरणार हे पाहावे, कारण पुढचा सारा मार्ग त्यावर अवलंबून असतो.

दाबोळीला उतरल्यावर कदंब परिवहन महामंडळाची विमानतळ बस आहे का, याची प्रथम चौकशी करावी. ती नसेल, तर बाहेरच्या रस्त्यावरून स्थानिक बसने वास्को गाठता येते. वास्को बसस्थानकावरून पणजीसाठी कदंबची शटल सुटते. तिचे तिकीट खिडकीवर आधीच काढावे लागते व आसनसंख्येइतकेच प्रवासी घेतले जातात. वृद्धांना उभे राहावे लागत नाही. पणजीच्या बसस्थानकावरून कळंगुटच्या बस मिळतात. मोपाला उतरणाऱ्यांनी म्हापसा गाठावे. तेथून कळंगुट जवळच आहे. महाराष्ट्र शासनाच्या सवलती राज्याच्या सीमेपर्यंतच असल्याने गोव्यात त्या गृहीत धरू नयेत. तेथील बसभाडे मुळातच माफक आहे. वाहकाला देण्यासाठी सुट्या नोटा मात्र हाताशी ठेवाव्यात.

बस की टॅक्सी?

टॅक्सीचे भाडे वाहनाचे असते, बसचे भाडे माणसाचे. टॅक्सीच्या भाड्याला एका माणसाच्या बसभाड्याने भागले, की किती माणसे असल्यास टॅक्सी बसइतकी स्वस्त पडेल, ती संख्या मिळते. गोव्यात ती चौघांच्या कुटुंबापेक्षा पुष्कळच मोठी निघते. तेव्हा टॅक्सीसाठी मोजलेली जादा रक्कम ही वेळ व आराम यांची किंमत आहे, हे ओळखून निर्णय घ्यावा. बसने दोन-तीन ठिकाणी गाडी बदलत जाण्यात अर्धा दिवस सहज जातो. विमान रात्री उशिरा उतरत असेल, सामान जड असेल किंवा गुडघेदुखीचा त्रास असेल, तर विमानतळावरच आगाऊ पैसे भरून टॅक्सी घ्यावी. तेथे काटकसर करू नये. म्हणूनच विमान निवडताना सकाळी वा दुपारी पोहोचणारे निवडणे हिताचे. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यांना तर ते अधिकच सोयीचे ठरते. दशम्या, खाकरा यांची शिदोरी सोबत असली, म्हणजे वाटेतील उशिराची चिंता उरत नाही.

सर्वांची गाडी

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्यानंतरच्या काळात खेड्यातील विद्यार्थी, रुग्ण व शेतकरी यांना तालुक्याशी जोडण्याचे कार्य तिने केले. २०२१-२२ मधील कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपात गाड्या थांबल्या, तेव्हा स्वतःचे वाहन नसलेल्यांचे किती हाल होतात, हे महाराष्ट्राने पाहिले. ज्यांना टॅक्सी परवडते, त्यांनीही जमेल तेव्हा एस.टी.ने जावे. आसने भरलेली राहिली, तरच फेऱ्या टिकतात आणि ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांची वाट चालू राहते.

येत्या सुट्टीत समुद्राचा बेत आखताना विमानाच्या वेळापत्रकाबरोबर यवतमाळ बसस्थानकावरील नागपूर गाड्यांच्या वेळाही टिपून घ्याव्यात. वाचलेल्या पैशांतून किनाऱ्यावरचा मुक्काम एका दिवसाने वाढू शकेल, किंवा खर्चाच्या धास्तीने घरीच राहणाऱ्या आजीलाही सोबत नेता येईल.