अल्पकालीन मिशन यात्रा : सेवा, धर्मप्रसार आणि रुग्णाचे हित

आपल्या रुग्णालयाचे हितचिंतक, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून एक प्रश्न गेल्या काही वर्षांत आम्हांला वारंवार विचारला जातो. परदेशांतील चर्चमधून डॉक्टर, परिचारिका व तरुण स्वयंसेवक यांची पथके दहा-पंधरा दिवसांसाठी निरनिराळ्या देशांत जातात, मोफत तपासणी शिबिरे घेतात, औषधे वाटतात आणि त्याबरोबरच आपल्या श्रद्धेचा संदेशही सांगतात. अशा पथकांना आपल्याकडे अधिक मुक्तपणे का बोलावले जात नाही, असे काही देणगीदार विचारतात. त्यांना वॉर्डात पाऊलही ठेवू देऊ नये, असे काही नातेवाईक तितक्याच आग्रहाने सांगतात. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यामागे रुग्णांविषयीची कळकळ आहे. म्हणूनच या यात्रा म्हणजे नेमके काय, त्यांतून काय साधते, काय साधत नाही आणि आपल्या रुग्णालयाने कोणते धोरण स्वीकारले आहे, याची माहिती या अहवालाच्या निमित्ताने वाचकांसमोर ठेवणे आम्हांला आवश्यक वाटते.

या यात्रांचे स्वरूप

मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आयुष्यभरासाठी येऊन राहिलेली माणसे उभी राहतात. आमच्या भागातील वृद्ध मंडळी आजही ज्याला ‘मिरजेचे मिशन इस्पितळ’ म्हणतात, ते उभारणारे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले. १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू झाले आणि १९२८ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, त्यांनी या भूमीत काम केले. येथील तरुणांना वैद्यकाचे शिक्षण देऊन त्यांनी आपल्या मागे काम चालवणारी माणसे तयार केली. त्या काळातील मिशनऱ्यांना आधी येथील भाषा शिकावी लागे. बोटीचा प्रवासच काही आठवड्यांचा असल्यामुळे पंधरा दिवसांसाठी येणे ही कल्पनाच संभवत नव्हती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास सुलभ झाला आणि हे चित्र पालटले. १९५७ साली जॉर्ज व्हेरवर हा अमेरिकन विद्यार्थी दोन मित्रांसह उन्हाळ्याच्या सुटीत धार्मिक पुस्तके घेऊन मेक्सिकोला गेला. त्यातूनच पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था उभी राहिली. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ स्थापन केली. तरुणांनी आयुष्य नव्हे, तर काही आठवडे वा महिने द्यावेत, ही कल्पना तेथून रुजली. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या सुमारास केलेल्या पाहणीवरून, केवळ अमेरिकेतील चर्चचे सुमारे सोळा लाख सभासद दरवर्षी अशा परदेशी यात्रांना जातात, असा अंदाज मांडला होता.

यात्रेची रचना बहुधा ठरलेली असते. सहभागी व्यक्ती आपले नातेवाईक, मित्र व चर्चचे सभासद यांना पत्रे लिहून स्वतःच्या प्रवासखर्चाची रक्कम जमवते. काही आठवडे पूर्वतयारी होते. यात्रेत सकाळी प्रार्थना, दिवसभर बांधकाम, शाळा वा तपासणी शिबिर आणि सायंकाळी गाणी, नाट्यप्रवेश किंवा प्रवचन असा क्रम असतो. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाण्याची आज्ञा दिली आणि जखमी वाटसरूची शुश्रूषा करणाऱ्या शोमरोन्याची गोष्टही सांगितली. या दोन्हींचे पालन एकाच वेळी करावे, अशी या मंडळींची धारणा असते. त्यांच्यापैकी अनेकजण आपली वार्षिक रजा आणि पदरचा पैसा खर्च करून येतात, याची नोंद कृतज्ञतेने घेतली पाहिजे.

सद्भावना पुरेशी ठरते का?

ऑक्टोबर १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास या देशात हजारो घरे उद्ध्वस्त केली. उत्तर अमेरिकेतील चर्चची अनेक पथके तेथे घरे बांधण्यासाठी गेली. होंडुरासमध्ये दीर्घकाळ राहिलेले आणि स्वतः ख्रिस्ती असलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी या कामाचा अभ्यास करून तो २००६ साली प्रसिद्ध केला. पथकाचा प्रवासखर्च धरता एका घरामागे सुमारे ३०,००० डॉलर खर्च होत होते. तसेच घर स्थानिक संस्था सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधू शकत होती. घर परदेशी हातांनी बांधले की स्थानिक, याने त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या जीवनात विशेष फरक पडल्याचे आढळले नाही. यात्रेहून परतलेल्यांनी आपले आयुष्य बदलल्याचे सांगितले खरे. तथापि त्यांच्या नंतरच्या दानधर्मात व वागणुकीत दिसलेला बदल बेताचाच होता.

घाई आणि अज्ञान यांतून याहून गंभीर प्रसंगही ओढवतात. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भीषण भूकंप झाला. त्यानंतर मदतीसाठी गेलेल्या अमेरिकेतील चर्चशी संबंधित दहा जणांना, ३३ मुलांना योग्य कागदपत्रांशिवाय सीमेपार नेत असताना अटक झाली. ही मुले अनाथ असल्याचे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी अनेकांचे आईवडील हयात होते.

उलट उदाहरणेही आहेत. १९७८ साली स्थापन झालेल्या ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेच्या रुग्णालय-जहाजांवर जगभरातील शल्यचिकित्सक व परिचारिका स्वखर्चाने काही आठवडे सेवा देतात. परंतु जहाज मात्र आफ्रिकेतील एकाच बंदरात कित्येक महिने मुक्काम करते. रुग्णांची निवड आधी होते, शस्त्रक्रियेनंतरची देखभाल चालू राहते आणि स्थानिक डॉक्टरांना प्रशिक्षण मिळते. तेथे माणसे अल्पकाळ येतात, पण काम अल्पकालीन नसते. आमच्या मते या विषयाचे मर्म या भेदात आहे.

आमच्या अनुभवातील दोन प्रसंग

काही वर्षांपूर्वी एका आजींना त्यांचा मुलगा आपल्या रुग्णालयात घेऊन आला. उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. मुलाने पिशवीतून गोळ्यांची रिकामी डबी काढून दाखवली. तिच्यावरचा मजकूर केवळ इंग्रजीत होता. गावाजवळ झालेल्या एका मोफत शिबिरात परदेशी पाहुण्यांनी आजींचा रक्तदाब वाढल्याचे अचूक ओळखले होते आणि महिनाभराच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या संपल्या, तेव्हा आजार बरा झाला असे घरच्यांनी मानले. हे औषध कायम घ्यावे लागते, असे मराठीत समजावून सांगणारे शिबिरात कोणी नव्हते आणि पुढे कोठे जावे याची चिठ्ठीही दिलेली नव्हती. मुलगा म्हणाला, “साहेब, त्यांनी फुकट दिलं, आम्ही उलट कसं विचारणार?” औषधापूर्वी आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली होती. त्याविषयी विचारता तो म्हणाला, “तेही करावं लागतं असं वाटलं, म्हणून आई मान हलवत राहिली.”

या एका उत्तरात दोन गोष्टी सामावलेल्या आहेत. फुकट मिळालेल्या सेवेपुढे गरीब माणूस प्रश्न विचारत नाही. तसेच औषधाच्या रांगेत उभा असलेला माणूस प्रार्थनेला नकार देऊ शकत नाही. पाहुण्यांच्या मनात सक्तीचा विचार नसेलही. परंतु आजींच्या मान हलवण्याला संमती म्हणता येणार नाही.

दुसरा प्रसंग आपल्या प्रसूतिकक्षातील आहे. परदेशातील एका चर्चशी संबंधित असलेल्या अनुभवी परिचारिका दोन आठवड्यांसाठी आल्या. त्यांनी स्वतः एकाही रुग्णाला हात लावला नाही. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात पिशवी व मुखवट्याच्या साहाय्याने श्वास कसा द्यावा, याचा सराव त्यांनी बाहुलीवर आपल्या परिचारिका भगिनींकडून पुन्हा पुन्हा करवून घेतला. अतिथिकक्षात सकाळी प्रार्थना केली तर चालेल का, असे त्यांनी आम्हांला विचारून घेतले होते. त्या परत गेल्या. बाहुली येथेच राहिली आणि तो सराव आपल्याकडे आजही नियमित चालतो. २०२० साली महामारीमुळे सीमा बंद झाल्या व सर्व परदेशी पथके थांबली, तेव्हाही प्रसूतिकक्षातील या कामात खंड पडला नाही.

कायदा आणि नीती

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने आपला धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. तथापि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. पर्यटक म्हणून व्हिसा घेऊन आलेल्या परदेशी व्यक्तीस धार्मिक स्थळांना भेट देता येते, परंतु धर्मोपदेश करता येत नाही वा धर्मप्रसाराची पत्रके वाटता येत नाहीत. परदेशी डॉक्टरांना येथे रुग्ण तपासण्यासाठी तात्पुरती परवानगी लागते. १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्यात तशी तरतूद होती व तिची जागा घेणाऱ्या २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही ती आहे. हेतू धर्मादाय आहे म्हणून या नियमांतून सूट मिळत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. रुग्णाच्या असहायतेचा लाभ घेऊ नये, हे केवळ टीकाकारांचे म्हणणे नाही. २०११ साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचे आंतरधर्मीय संवाद मंडळ आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी मिळून ख्रिस्ती साक्षीविषयी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. लोकांच्या गरिबीचा व गरजेचा गैरफायदा घेण्यास आणि सेवेच्या आडून प्रलोभन दाखवण्यास त्यात स्पष्ट नकार दिलेला आहे. आजारी माणसाची प्रतिष्ठा जपावी, असेही त्यात बजावले आहे. म्हणजेच आम्ही जी मर्यादा घालतो, ती श्रद्धावान ख्रिस्ती मंडळींनी स्वतःच मान्य केलेली आहे.

आपल्या रुग्णालयाचे धोरण

वरील सर्व बाबींचा विचार करून विश्वस्त मंडळाने पुढील नियम ठरवले आहेत. ते कोणत्याही धर्माच्या, तसेच कोणत्याही धर्माशी संबंध नसलेल्या पाहुण्या पथकांना सारखेच लागू आहेत.

१. पथकाने काय करावे हे आपले वैद्यकीय अधिकारी ठरवतील. आपल्या गरजेशी न जुळणारे काम केवळ मोफत आहे म्हणून स्वीकारले जाणार नाही.

२. शासकीय परवानगीशिवाय कोणीही परदेशी पाहुणा रुग्ण तपासणार नाही. विद्यार्थी व स्वयंसेवक रुग्णावर उपचार शिकणार नाहीत.

३. ज्या उपचाराचा पाठपुरावा पथक गेल्यानंतर आपण स्वतः करू शकत नाही, तो उपचार सुरू केला जाणार नाही. प्रत्येक रुग्णाला मराठीत लिहिलेली चिठ्ठी व पुढील तपासणीची तारीख दिली जाईल.

४. बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड व शिबिर येथे धर्मोपदेश वा साहित्यवाटप होणार नाही. रुग्णाने स्वतःहून आपल्या धर्मगुरूंना बोलावल्यास, मग ते पाद्री असोत, भटजी असोत वा मौलवी, त्यांची सोय केली जाईल.

५. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवाचून घेतले जाणार नाही.

हे नियम वाचून काही पथके येण्याचा विचार सोडून देतात, हे आम्ही लपवू इच्छित नाही. त्यामुळे काही देणग्याही आपल्याकडे येत नाहीत. विश्वस्त मंडळाने हा तोटा समजून उमजून पत्करला आहे.

देणगीदारांना विनंती

आपल्याच राज्यातील जामखेडचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरावे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले आणि गावोगावच्या, बहुधा अल्पशिक्षित वा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांच्या श्रद्धेची ओळख लोकांना त्यांच्या कामातून झाली. देशोदेशीचे लोक जामखेडला येत राहिले. पण तेथे ते प्रामुख्याने शिकण्यासाठी येत.

ज्या हितचिंतकांचे परदेशांतील अशा मंडळींशी संबंध आहेत, त्यांना आमची नम्र विनंती आहे, की त्यांनी ‘तुम्ही येऊन काय कराल?’ या प्रश्नाबरोबरच ‘तुम्ही गेल्यावर येथे काय राहील?’ हाही प्रश्न त्यांना विचारावा. एखाद्या परिचारिकेचे प्रशिक्षण, एखाद्या यंत्राची वार्षिक देखभाल किंवा रक्तदाबाच्या रुग्णांसाठी वर्षभराची औषधे यांसाठी दिलेली मदत छायाचित्रात दिसत नाही; परंतु ती रुग्णापर्यंत पोहोचते.

ज्या आजींचा उल्लेख वर केला, त्यांच्यावर आपल्याकडे उपचार झाले आणि काही महिन्यांच्या व्यायामोपचारानंतर त्या काठीच्या आधाराने चालू लागल्या. वाचा मात्र पूर्णपणे परत आली नाही. त्यांच्या केसपेपरवर पुढील तपासणीची तारीख दर महिन्याला लिहिली जाते आणि गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत सूचना लिहून दिली जाते.