विषाची पारख करणारी वीज

श्रावण-भाद्रपदांत परभणी जिल्ह्यांतील मानवत, सेलू, पाथरीकडच्या रानांतून जाणाऱ्यास पाठीवर पंप बांधून कापसावर फवारा मारणारीं माणसें हटकून दिसतात. फवाऱ्याचा उग्र दर्प रस्त्यापर्यंत येतो. शेतकरी त्याला ‘औषध’ म्हणतो. पण तें असतें विष. २०१७ सालीं जवळच्याच यवतमाळ जिल्ह्यांत फवारणींतून विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हां हें विष पाण्यांत, भाजींत अथवा माणसाच्या रक्तांत शिरलें आहे कीं नाहीं, हें चटकन् कसें ओळखावें, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नव्हे. तो आपणां सर्वांचा आहे.

मोठ्या प्रयोगशाळांतून अशी परीक्षा होते. परंतु तिला किंमती यंत्रें लागतात, निष्णात माणसें लागतात, आणि वेळही लागतो. हेंच काम हातांत मावणाऱ्या उपकरणानें व्हावें, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनीं विजेचें साह्य घेतलें आहे.

कर्बाची अथवा धातूची एक कांडी द्रवांत बुडवून तिच्यावर विजेचा विशिष्ट दाब दिला, तर द्रवांतील कांहीं रेणू आपले इलेक्ट्रॉन त्या कांडीला देतात आणि सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. रेणू जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. म्हणून प्रवाह मोजला कीं रेणूंचें प्रमाण कळतें. या कांडीला विद्युदग्र म्हणतात. या मार्गाचा पाया चेक शास्त्रज्ञ यारोस्लाव हेरॉव्हस्की यांनीं १९२२ मध्यें घातला. त्याबद्दल त्यांना १९५९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

यांत एक अडचण मात्र आहे. उघडें विद्युदग्र भोळें असतें. त्या दाबाला इलेक्ट्रॉन देण्यास जो रेणू तयार असेल, त्याचे इलेक्ट्रॉन तें घेतें. देणारा कोण, याची चौकशी करीत नाहीं. रक्तांत साखरेबरोबर युरिक आम्ल असतें, क जीवनसत्त्व असतें, घेतलेल्या गोळीचा अंशही असतो. सगळेच बोलूं लागले म्हणजे एकाचेंही ऐकूं येत नाहीं.

यावर तोड निघाली ती अशी. वाड्याच्या देवडीवर माणसें ओळखणारा पहारेकरी बसवावा, त्याप्रमाणें विद्युदग्राच्या पृष्ठावर निवडक द्रव्याचा लेप द्यावा, अथवा तें द्रव्य त्याच्या अंगांतच कालवावें. १९५८ मध्यें अमेरिकेंतील राल्फ ॲडम्स यांनीं ग्रॅफाइटची पूड तेलकट द्रवांत मळून विद्युदग्र केलें. पुढें या लगद्यांत हवें तें द्रव्य मिसळणें सोपें झालें. १९७५ च्या सुमारास रॉयस मरे यांच्या कार्यामुळें ‘रासायनिक संस्कार केलेलें विद्युदग्र’ ही कल्पना रूढ झाली. आपल्या मुंबई विद्यापीठांतील संघवी व श्रीवास्तव या संशोधकांनीं २०१० मध्यें कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा असा लगदा वापरून पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन व कॅफीन हीं तीन द्रव्यें एकाच वेळीं वेगवेगळीं मोजून दाखविलीं.

हें सारें दूरचें वाटतें काय? मग मधुमेही माणसाच्या घरीं जाऊन पाहावें. बोटाच्या थेंबावरून साखर सांगणाऱ्या यंत्राची ती चिमुकली पट्टी म्हणजे संस्कारित विद्युदग्रच. तिच्यावर केवळ साखरेशींच सलगी करणारें एन्झाइम बसविलेलें असतें.

आतां कापसाच्या रानाकडे परत येऊं. मोनोक्रोटोफॉससारखीं स्फुरदयुक्त सेंद्रिय विषें आपल्या मज्जातंतूंतील एका एन्झाइमला निकामी करतात. एका तंतूनें दिलेला निरोप पोंचल्यावर तो पुसून टाकणें, हें या एन्झाइमचें काम. निरोप पुसला गेला नाहीं, म्हणजे बाहुल्या बारीक होतात, लाळ व घाम सुटतो, आणि शेवटीं श्वास कोंडतो. शास्त्रज्ञांनीं हेंच एन्झाइम विद्युदग्रावर बसविलें. त्याला योग्य खाद्य दिलें कीं तें त्यापासून थायोकोलीन तयार करतें, आणि थायोकोलीन इलेक्ट्रॉन देऊन प्रवाह उत्पन्न करतें. चित्रकारांच्या पेटींतला प्रशियन ब्लू हा निळा रंग लेपांत असला, तर हें काम कमी दाबावर होतें आणि इतर रेणूंची लुडबूड टळते. आतां हें विद्युदग्र संशयित पाण्यांत कांहीं वेळ ठेवावें. विष असेल तर एन्झाइम मंदावतें आणि प्रवाह घटतो. जें विष माणसाला मारतें, त्याच्याच मारण्याच्या रीतीवरून तें पकडलें जातें!

परंतु या पारख्याच्या मर्यादाही जाणून असाव्या. एन्झाइम नाजूक असतें. परभणीचा वैशाखांतला चाळीस अंशांवरील उन्हाळा त्याला सोसणें कठीण. शिवाय तें विषाची जात सांगतें, नांव सांगत नाहीं. आणि पायरेथ्रॉइडसारखीं दुसऱ्या मार्गानें मारणारीं विषें त्याला दिसतच नाहींत. शेतांत तर अनेकदां दोन-तीन औषधें एकत्र कालवून फवारतात. म्हणून ‘प्रवाह घटला’ याचा अर्थ धोका आहे असा खुशाल घ्यावा. पण ‘प्रवाह घटला नाहीं’ याचा अर्थ पाणी निर्धोक आहे, असा कदापि घेऊं नये.

हातमोजे, तोंडावरील फडकें, वाऱ्याकडे पाठ करून फवारणें, यांची जागा कोणतेंही यंत्र घेणार नाहीं. पण चक्कर येऊन बांधावर बसलेल्या मजुराला काय झालें आहे, हें तालुक्याच्या डॉक्टरांना घटकाभरांत कळलें, तर योग्य उपचार वेळेवर सुरू होतील. साखर मोजणारी पट्टी आज घरोघरीं पोंचली आहे. विषाची पट्टी तशीच पाथरीच्या बांधापर्यंत पोंचेल, तेव्हांच या विद्येचें खरें चीज झालें असें म्हणतां येईल.