बांधावरची क्षमा



जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत पाणी आले आणि शेतीचे रूप पालटले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, कालवे वाहू लागले. जिथे बाजरी आणि हुलग्यावर समाधान मानावे लागे, तिथे ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे उभी राहिली. आनंदाची गोष्ट आहे. पण जमिनीचे मोल वाढले तसे बांध मात्र बारीक होत गेले. नांगराचे एक तास इकडे, पुढच्या वर्षी ट्रॅक्टरचा फाळ आणखी थोडा तिकडे, असे करता करता दोन भावांमधला बांध दोरीएवढा उरतो आणि बोलणे मुळीच उरत नाही.

या भांडणाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. समजा बांध तीनशे फूट लांब आहे आणि शेजाऱ्याने एक फूट कोरला. म्हणजे तीनशे चौरस फूट जमीन गेली. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा ही जमीन पाव गुंठ्याहून थोडी जास्त भरते. एकरी शंभर क्विंटल कांदा निघाला असे धरले तर तेवढ्या तुकड्यात सुमारे ७० किलो कांदा येईल. दीड गोणी झाली म्हणा ना! या दीड गोणी कांद्यासाठी वकिलाची फी, तारखांचे हेलपाटे, बुडालेले रोज, आणि सामाईक विहिरीवरची मोटार बंद पडून वाळलेले उभे पीक. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण आपणच केली आणि आपणच विसरलो.

कोणी म्हणेल, “साहेब, प्रश्न कांद्याचा नाही, अपमानाचा आहे.” अगदी खरे. भांडण मातीचे दिसते, पण गाठ मनात असते. मनातली गाठ मोजणीदाराच्या साखळीने सुटत नाही. ती कशाने सुटते याविषयी ख्रिस्ती धर्मात फार विचार झाला आहे. नाताळ जवळ आला आहे, त्या निमित्ताने तो विचार आणि तो जगून दाखवलेली काही माणसे तुमच्यापुढे ठेवतो. वाचक कोणत्याही धर्माचा असो, भाऊबंदकी सगळ्यांच्या घरात सारखीच असते.

वाटणीची एक गोष्ट

प्रभू येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. ती मुळात एका शेतकरी घरातील वाटणीची गोष्ट आहे. बापाला दोन मुलगे. धाकट्याने बाप जिवंत असतानाच वाटणी मागितली, पैसा घेऊन परमुलखात गेला आणि सगळा उधळला. पुढे तिकडे दुष्काळ पडला. डुकरे राखायची वेळ आली तेव्हा त्याला घर आठवले. तो परत निघाला, तर बाप त्याला लांबून पाहून धावत पुढे गेला, गळ्यात पडला आणि घरात जेवणावळ मांडली.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. पण गोष्टीचा पुढचा भाग तुमच्या-माझ्यासाठी आहे. थोरला मुलगा त्या वेळी कुठे होता? शेतात. दिवसभर राबून घरी येतो तो वाजंत्री ऐकू येते. कारण कळल्यावर तो उंबऱ्याबाहेरच अडून बसतो. इतकी वर्षे मी राबलो, मला कधी साधे करडू दिले नाही, आणि याच्यासाठी मेजवानी! त्याची तक्रार खोटी नाही. बापही त्याला रागे भरत नाही. तो बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि सांगतो की, माझे जे आहे ते सगळे तुझेच आहे.

यात एक बारकावा आहे. बापाने जमिनीची नव्याने वाटणी केली नाही. धाकट्याने उडवले ते उडवले, थोरल्याचा हिस्सा थोरल्याकडेच राहिला. धाकट्याला परत मिळाले ते घर, ताट आणि मुलगा म्हणून मान. क्षमेने हिशेब पुसला जात नाही, नाते पुन्हा उभे राहते. हिशेब वेगळा आणि नाते वेगळे, हे ध्यानात आले की निम्मे भांडण हलके होते.

हिशेबाची दुसरी बाजूही शुभवर्तमानात आहे. जक्कय नावाचा एक श्रीमंत जकातदार होता. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने आपणहून कबूल केले की, कोणाचे लुबाडले असेल तर चौपट परत करीन. तेव्हा ज्याने बांध कोरला त्याने नुसते ‘झाले गेले विसरून जा’ म्हणून भागत नाही. माती परत द्यावी लागते.

एका छपराखाली दोन धर्म

क्षमेची पहिली परीक्षा घरातच होते. कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कर्मठ ब्राह्मण घरातल्या. त्यांच्यावर तर आकाशच कोसळले. नवरा जिवंत असून परका झाला, लोकांनी बोल लावले, पदरी लहान मूल. काही वर्षे दोघे वेगळे राहिले.

पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहायला आल्या, पण आपला धर्म सोडून नव्हे. त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळक स्वभावाने तापट होते, तरीही या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. एका छपराखाली दोन रीती नांदल्या. लक्ष्मीबाईंचे मन त्यांच्या स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या गतीने पालटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळे दुःख लिहिले, पण त्यात विखार नाही. नवऱ्याचे दोष त्या हसत हसत सांगतात. ज्याला माफ केले आहे त्याच्याविषयीच असे हसता येते.

भगिनींनो, यावरून कोणी तुम्हाला ‘बाईने सोसावे’ असे सांगू लागला तर ऐकू नका. लक्ष्मीबाईंनी आपले मत सोडले नव्हते, आणि समोरच्याने त्या मताचा मान राखला म्हणून घर पुन्हा उभे राहिले. मारहाण, दारू आणि छळ मुकाट्याने सोसणे म्हणजे क्षमा नव्हे. अशा वेळी माहेरच्या माणसांना, पोलिस पाटलांना सांगावे, ११२ क्रमांकावर फोन करावा. गुन्हा थांबवणे हेही प्रेमाचेच काम आहे.

केडगावची पेरणी

आता आपल्याच पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, केडगावला चला. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ साली त्यांनी विधवा व निराधार मुलींसाठी मुंबईत शारदा सदन काढले. दुसऱ्या वर्षी ते पुण्याला हलवले. मुलींना ख्रिस्ती करतात असा गवगवा झाला. वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंच्या जागी दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, ‘या समाजासाठी मी कशाला मरू?’

रमाबाईंनी उत्तर दिले ते कामाने. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली व बाया घेऊन आल्या. केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय केली. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, दूधदुभते ठेवले, विणकाम आणि छापखाना चालवला. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार माणसे आसऱ्याला होती. दोन हजार ताटे रोज मांडायची म्हणजे किती धान्य आणि किती पाणी लागेल, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. रमाबाई १९२२ साली वारल्या. त्यांचे मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे. ज्या मुलीला स्वतः भूक भोगावी लागली, तिने मोठेपणी भुकेल्यांना जेवू घातले. कडू बी हाती आले तरी तेच पुढे पेरले पाहिजे असे नाही.

तुरुंगात बांधलेली राखी

आता सर्वांत कठीण उदाहरण. हे महाराष्ट्राबाहेरचे, पण शेतकऱ्यांच्याच प्रश्नातून उभे राहिलेले आहे. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात राणी मारिया नावाच्या केरळी सिस्टर काम करीत होत्या. गरीब शेतकरी सावकाराच्या कर्जातून सुटावेत, त्यांना सरकारी योजना व बँकेचे कर्ज कळावे, यासाठी त्या गावोगाव फिरत. ज्यांचा धंदा यामुळे बसला त्यांना ते खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसप्रवासात समुंदरसिंग नावाच्या तरुणाने सुऱ्याने वार करून त्यांना ठार मारले. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारिया यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल यासुद्धा सिस्टर. २००२ साली त्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधून त्याला भाऊ मानले. हे एका दिवसात झाले नाही, मध्ये सात वर्षे गेली. पुढे त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्याच घरच्यांनी मागणी केली आणि २००६ साली तो सुटला. नंतर तो केरळात त्या घरी गेला, तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याला जवळ केले. २०१७ साली इंदूरला झालेल्या सोहळ्यात चर्चने राणी मारियांना ‘धन्य’ म्हणून जाहीर केले.

इथेही हिशेब आणि नाते वेगळे राहिले. खून झाला म्हणून खटला चालला, शिक्षा झाली, अकरा वर्षे तुरुंगात गेली. कायद्याने आपले काम केले आणि घरच्यांनी आपले. रक्ताचा वैरी आपला भाऊ होऊ शकतो, तर मग रक्ताचा भाऊ बांधापायी वैरी का राहावा?

आपण काय करावे?

प्रवचन ऐकून घरी जावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाळ बांधाला लावावा, असे होऊ नये. म्हणून थोडे कामाचे सांगतो.

पहिली गोष्ट, आधी बोलणे, मग मोजणे. देवाला अर्पण आणलेस आणि भावाचे आपल्याशी वाकडे आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, अशी येशूची शिकवण आहे. तेव्हा लहान-मोठा न पाहता पहिले पाऊल टाका. लांबलचक भाषण नको. “दादा, मोजणी मागवू या, खर्च निम्मा-निम्मा,” एवढे वाक्य पुरे आहे. तोंडून निघत नसेल तर वहिनीच्या हाती किंवा मामांकरवी निरोप धाडा.

दुसरी गोष्ट, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करा. मोजणीच्या दिवशी दोघेही हजर राहा, खुणांचे दगड दोघांनी मिळून पुरा. त्या बांधावर एखादे करवंद नाहीतर शेवगा लावा आणि फळ दोघांनी खा.

तिसरी गोष्ट, एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असा घोळ बारा वर्षांहून जुना असेल, तर २०२३ साली राज्य सरकारने आणलेल्या ‘सलोखा’ योजनेची चौकशी तलाठ्याकडे करा. तीत अदलाबदलीच्या दस्ताला नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी ठेवलेली आहे. मुदत आणि अटी आधी विचारून घ्या. गावची तंटामुक्त समितीही आहेच. २००७ साली ती मोहीम सुरू झाली ती याच कामासाठी.

चौथी गोष्ट, सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी वहीत लिहून ठेवा. दिवस, तास, विजेचे बिल आणि मोटारीची दुरुस्ती सगळे मांडा. तोंडी व्यवहारात गैरसमज वाढतो आणि लिहिलेल्या वहीत भांडण शिरायला वाव राहत नाही.

पाचवी गोष्ट मुलांची. ‘त्यांच्या दारात जायचे नाही’ असे आपण मुलांना बजावतो, तेव्हा सातबाऱ्याआधी त्यांच्या नावावर वैर चढवत असतो. चुलत भावंडांना एकत्र खेळू द्या, एका सायकलवर शाळेत जाऊ द्या.

आणि एकदा माफ करून मन मोकळे होत नाही, म्हणून निराश होऊ नका. किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे पेत्राने विचारले तेव्हा येशूने सातांच्या सत्तरपट असे उत्तर दिले. शेतकऱ्याला हे पटायला अवघड नाही. हराळी एका खुरपणीत जात नाही. दर पावसाळ्यात ती पुन्हा डोके वर काढते आणि आपण पुन्हा खुरपे हाती घेतो. मनातली अढीही तशीच, दिसेल तेव्हा काढत राहावी.

नाताळच्या दिवशी ख्रिस्ती घरांतून फराळाचे ताट शेजारी जाते, जसे दिवाळीला आपल्याकडून त्यांच्याकडे जाते. यंदा एक ताट त्या घरी पाठवा, ज्या घराशी बोलणे बंद आहे. रब्बीची कामे उरकली की दोघे मिळून मोजणीच्या अर्जावर सह्या करा. पुढच्या पेरणीला दोन्ही पाभरी बांधापासून हातभर अलीकडेच थांबू द्या.