नक्षी प्रत्येकीची, हिशोब सगळ्यांचा: मोहल्ल्यातल्या हस्तकला विक्रेत्यांनी एकमेकांना कसं सावरावं?

रमजानला महिना-दीड महिना उरला की मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कोंढवा, मिरज अशा कितीतरी ठिकाणी घराघरांत हात चालू लागतात. क्रोशाच्या टोप्या, आरी वर्कच्या ओढण्या, जानमाजसाठी पिशव्या, ईदीची पाकिटं, सुलेखनाच्या फ्रेम्स, निकाहनाम्याची सजवलेली फोल्डरं. यातलं बरंचसं काम बायका करतात. स्वयंपाक, मुलांची शाळा, घरातल्या वडीलधाऱ्यांचं औषधपाणी सांभाळून उरलेल्या वेळात. त्या पैशातून कोणाची फी भरली जाते, कोणाचं घरभाडं.

हाताने कमावलेल्या रोजीला आपल्या दीनमध्ये मोठा मान आहे. प्रेषित दाऊद (अलैहिस्सलाम) आपल्या हातच्या कामावर गुजराण करत, असं सहीह बुखारीत आलं आहे. पण मान वेगळा आणि मोबदला वेगळा. आज या कामाला खरा धोका मोठ्या कारखान्यांपासून आहेच, पण तितकाच तो शेजारच्या दाराशी चालणाऱ्या भावाच्या ओढाताणीतूनही आहे. म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट मांडतो आहोत: कल्पना प्रत्येकीची वेगळी असावी, पण हिशोब, भांडवल आणि ऑर्डरचं ओझं वाटून घ्यावं. हे कसं जमतं, ते पाहू.

स्वस्तात विकलं तर कोणाच्या खिशातून जातं?

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, क्रोशाची एक टोपी विणायला सहा तास लागतात. दोरा ६० रुपयांचा, धुणं आणि पॅकिंग २० रुपये, रिक्षा आणि स्टॉलच्या भाड्याचा वाटा ३० रुपये. म्हणजे खर्च ११० रुपये. तासाला फक्त ४० रुपये मेहनताना धरला तरी २४० रुपये होतात. टोपीची किंमत ३५० रुपये.

आता गल्लीतल्या दुसऱ्या बाजी तीच टोपी २०० रुपयांना देतात. गिऱ्हाईक खूश. पण खर्च वजा जाता त्यांच्या हातात ९० रुपये राहतात, म्हणजे तासाला १५ रुपये. तिसरी म्हणते, मी १७० ला देते. तिच्या हाती राहिले ६० रुपये, तासाला १०. दोरेवाल्याने दोऱ्याचा भाव कमी केला नाही, रिक्षावाल्याने भाडं कमी केलं नाही. कमी झाली ती फक्त विणणाऱ्या हाताची मजुरी. आणि एकदा गल्लीत १७० चा भाव पडला की पहिलीलाही ३५० कोणी देत नाही.

यावर उपाय म्हणून काही जणी म्हणतात, सगळ्यांनी एकच रेट कार्ड लावू. आम्हाला ते बरोबर वाटत नाही. कोणाची वीण बारीक असते, कोणाची जाड. एकच भाव दोघींवर अन्याय करतो. शिवाय महागाईच्या काळात बाजाराचे भाव बांधून देण्याची मागणी झाली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मान्य केली नव्हती, हेही आपल्याला हदीसमधून माहीत आहे. भाव बांधण्यापेक्षा हिशोब उघडा करावा. महिन्यातून एकदा चार-पाच जणींनी बसून आपापल्या वस्तूचा खर्च आणि तास कागदावर लिहावेत. कितीतरी जणींनी आपले तास कधी मोजलेलेच नसतात. ते आकडे समोर आले की भाव पाडायला हात आपोआप कचरतो.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याचा सौदा ठरत आलेला असताना मध्ये पडून आपला माल पुढे करायला हदीसमध्ये मनाई आहे. स्टॉलवर शेजारणीकडे भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला "इकडे या, मी कमी लावते" असं म्हणणं त्यातच येतं.

मिरजेची सतारमेकर गल्ली

एकमेकांना धरून राहिल्याने कला कशी टिकते, याचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तानपुरे बनतात. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी आणि हत्यारांना धार-पाणी करणारी. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा फरीदसाहेब यांच्यासारख्या कारागिरांनी आपला हात वाद्यांकडे वळवला. पुढे 'सतारमेकर' हेच आडनाव झालं.

एका वाद्यामागे अनेक हात असतात. पंढरपूर-मंगळवेढा भागातून भोपळे येतात, ते वाळवले आणि कापले जातात. लाकडाची दांडी आणि तबली जोडायची, त्यावर नक्षी करायची, पॉलिश करायचं, तारा चढवायच्या आणि शेवटी जवारी काढायची. जवारी म्हणजे घोडी अशी घासून बसवायची की तार छेडल्यावर सूर गुंजत राहील. कोणाचा हात नक्षीत चालतो, कोणाचा कान जवारीत. गायकाचा तानपुरा वेगळा, गायिकेचा वेगळा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. असे गवय्ये जवळ असल्याने कारागिरांना आपलं काम त्यांच्या कानावर पारखून घेता आलं.

मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. हे मानांकन एका माणसाच्या नावावर मिळत नाही, उत्पादकांच्या संघटनेला किंवा संस्थेला मिळतं. म्हणजे एकमेकांचे स्पर्धक असलेले कारागीर एकत्र बसले नसते तर अर्जच झाला नसता. आपल्या मोहल्ल्यातल्या छोट्या विक्रेत्यांनी घ्यायचा धडा हाच आहे. हात वेगवेगळे राहू द्या, पण नाव आणि दर्जा मिळून सांभाळा.

शिकणं कुठे संपतं, नक्कल कुठे सुरू होते?

सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. "तिने माझं डिझाइन उचललं." यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

क्रोशाचा टाका, आरीची साखळी, मेंदीची वेल, गोधडीचे धावदोरे हे कोणाच्या मालकीचे नाहीत. ते आपल्या नानी-दादीकडून आलेत. ते शिकवल्याने कमी होत नाहीत, आणि शिकवणाऱ्या खालाला गल्लीत इज्जतच मिळते. पण एखादीने स्वतः बसून बसवलेली रंगसंगती, तिने ठेवलेलं नाव, तिने काढलेला फोटो हे तिचं आहे. दुसरीच्या वस्तूचा फोटो आपल्या स्टेटसला लावून ऑर्डर घेणं ही फसवणूक आहे, गिऱ्हाइकाचीही आणि तिचीही.

नक्कल थांबवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्रत्येकीने आपली एक खूण तयार करणं. ती दूर शोधावी लागत नाही. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळीची भूमिती टेबल रनरवर येऊ शकते. कोकणातल्या घरांच्या खिडक्या, मालेगावच्या लुंगीच्या चौकटी, आपल्याच मशिदीच्या दरवाज्यावरची वेल, सगळं चालतं. चौघी जणी टोप्याच करत असतील तर एकीने लहान मुलांच्या, एकीने हाजींना भेट देण्याच्या, एकीने नवरदेवाच्या अशी वाटणी केली तर गिऱ्हाईक एकीकडून दुसरीकडे जाईल आणि कोणाचं नुकसान होणार नाही.

मदतीच्या नावाखाली मात्र खोटेपणा नको. न वापरलेल्या वस्तूखाली "मी घेतली, एकदम मस्त आहे" असं मैत्रिणीसाठी लिहिणं, किंवा मशीनवरचा माल 'हँडमेड' म्हणून विकणं, यात बरकत नाही. मदिनेच्या बाजारात ओलं धान्य खाली दडवून वर कोरडं ठेवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) टोकलं होतं. गोष्ट तीच आहे, माल बदलला.

मोठी ऑर्डर आली तर

निकाहसाठी शंभर भेट-पिशव्या हव्यात, वेळ पंधरा दिवस. एकटीने होकार दिला तर रात्री जागून माल खराब होतो. नकार दिला तर ऑर्डर कारखान्याकडे जाते. चार जणींनी वाटून घेतली तर सगळ्यांना काम मिळतं. पण त्याआधी काही गोष्टी लिहून ठेवा:

- गिऱ्हाइकाला जबाबदार कोण? एकच नाव ठरवा. वस्तू अनेक हातांनी बनणार आहेत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.
- एक नमुना सगळ्यांसमोर ठेवा. मापं, रंग, दोऱ्याचा नंबर नक्की करा.
- ऑर्डर आणणारीचा वाटा किती, हे काम सुरू होण्याआधी ठरवा.
- एखादा नग नापास झाला तर खर्च कोणाचा, हेही ठरवा.

कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे. "आपल्याच आहेत, काय लिहायचं" असं म्हणूनच पुढे मनं तुटतात.

गिऱ्हाइकाशी करार करतानाही हेच. वस्तू बनवून द्यायच्या सौद्याला फिक्हमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. हनफी मतानुसार वस्तूचं वर्णन आणि किंमत स्पष्ट असली की असा सौदा चालतो आणि पैसे आधी, नंतर किंवा हप्त्याने देता येतात. कोकणी मुस्लिमांमध्ये प्रचलित असलेल्या शाफई मतात असा सौदा 'सलम'च्या शर्तींवर होतो, म्हणजे पूर्ण रक्कम आधीच द्यावी लागते. आपल्या बाबतीत काही शंका असेल तर जवळच्या मुफ्तींना विचारावं. काहीही असलं तरी ॲडव्हान्स न घेता दोरा-कापड घरात आणू नका.

भांडवल: आपली जुनी बीसी

दोरा, मणी, कापड घाऊक घेतलं तर स्वस्त पडतं, पण एकरकमी पैसे लागतात. इथे बीसी, म्हणजे भिशी कामाला येते. दहा जणींनी महिन्याला हजार रुपये काढले तर दर महिन्याला एकीला दहा हजार मिळतात, तेही बिनव्याजी. हस्तकलेच्या गटाने नंबर सीझन पाहून लावावेत. जिचं काम ईदवर चालतं तिला रमजानच्या दोन-तीन महिने आधी, जिचं लग्नसराईवर चालतं तिला त्याआधी. एक सावधगिरी: ज्या भिशीत बोली लागते आणि गरजू बाई दहाऐवजी साडेआठ हजार उचलते, ती व्याजाच्याच वाटेने जाते. तिच्यापासून लांब राहिलेलं बरं.

कागदपत्रं आणि योजना

केंद्र सरकारच्या हस्तकला विभागाचं 'पहचान' ओळखपत्र कारागिरांसाठी असतं. सरकारी प्रदर्शनांत आणि योजनांत ते उपयोगी पडतं.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात शिवणकाम, खेळणी-बाहुल्या, टोपल्या-चटया येतात. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत अशी तरतूद आहे. कर्जावर ५ टक्के व्याज आहे. ज्यांना व्याज टाळायचं आहे त्यांनी कर्ज न घेता प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि हत्यारांची मदत घ्यावी.

जीएसटीची भीती अनेकींना वाटते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत; त्याआधी जाणकाराला विचारा.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपण?

मॉलमध्ये आपण लेबलवरची किंमत मुकाट्याने देतो आणि शेजारच्या आपाकडे मात्र "घरचीच आहेस, कमी कर ना" म्हणतो. ओळखीच्या माणसाकडून सवलत मागण्याऐवजी ओळखीच्या माणसाला वेळेवर पैसे देणं ही खरी मदत आहे. उधारीवर नेलेली टोपी ईदनंतर तीन महिने आठवत नाही, पण विणणारीला तिचे पैसे रोज आठवत असतात.

जमात, मदरसे आणि शाळांनीही थोडं करावं. रमजानमध्ये चार दिवस आवार किंवा हॉल मोफत दिला, मेळाव्याच्या भेटवस्तू मोहल्ल्यातूनच घेतल्या, तरी कितीतरी घरांना हातभार लागेल. येत्या ईदच्या आधी आपल्या गल्लीत हातकाम करणाऱ्या किती जणी आहेत, याची एक यादी तरी करा. तिथून सुरुवात होईल, इन्शाअल्लाह.