अस्सल, नक्कल आणि संक्षेप

लग्नमुंजींचा हंगाम सरला, की घरोघर एक तगादा सुरू होतो. ज्या कोणा भाच्याने किंवा पुतण्याने समारंभ मोबाइलवर टिपलेला असतो, त्याच्यामागे सगेसोयरे ‘ग्रुपवर टाक की’ म्हणून लागतात; आणि तो बिचारा, पाठविण्याची मनापासून इच्छा असूनही, ‘फाइल फार जड आहे, जात नाही’ या एका सबबीवर आठवडेच्या आठवडे काढतो, व अखेरीस कंटाळून हाताला लागेल त्या ॲपमध्ये घालून ती अशी काही पिळून काढतो, की नवरीमुलीचा चेहरा आणि तिच्यामागची केळीची पाने यांतली सीमारेषाच पुसली जाते. या व्यवहाराकडे तांत्रिक किरकोळी म्हणून पाहण्याची रीत आहे. वस्तुतः पुढच्या पिढीला आपल्या घराण्याचा जो दृश्य इतिहास पाहावयास मिळणार, त्यातले काय राहील आणि काय जाईल याचा निकाल याच व्यवहारात लागत असतो; म्हणून त्याची थोडी मुळापासून रुजुवात करून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम हिशेब मांडू. आजच्या साधारण मोबाइलवर घेतलेले एक चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, मिळून सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू. प्रत्येक बिंदूतला तांबडा, हिरवा व निळा अंश नोंदवावयास तीन बाइट. आणि अशी चित्रे सेकंदाला ३०. हा गुणाकार सेकंदास १८ कोटी ६६ लाख बाइटवर, म्हणजे मिनिटास ११ जीबीहून अधिक भरतो. प्रत्यक्षात आयफोन हेच मिनिट जुन्या पद्धतीने सुमारे १३० एमबीत आणि नव्या पद्धतीने सुमारे ६० एमबीत बसवितो, हे त्याच्याच सेटिंग्जच्या पानावर छापलेले असते. याचा अर्थ असा, की कॅमेऱ्याने पाहिलेल्या मजकुराचा मोठ्यात मोठा भाग आपला हात लागण्यापूर्वीच वगळला गेला, आणि ज्या फाइलीला आपण अस्सल म्हणून कवटाळतो तीही मुळात एक संक्षिप्त नक्कलच आहे. पाठविण्यासाठी आपण जे करतो, तो या नकलेचाही संक्षेप.

इतके वगळूनही चित्र ओळखता येते, कारण दृश्य जगात पुनरुक्ती अपरंपार आहे. जे आधीच ठाऊक असते किंवा अनुमानाने काढता येते, ते पुन्हा कळविण्यात नवी माहिती काहीच नाही, हा सिद्धांत क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणिताच्या काटेकोर भाषेत मांडला. आणि वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड व क्वचित येणाऱ्याला लांब संकेत देण्याची डेव्हिड हफमन यांची १९५२ ची युक्ती आजही बहुतेक संक्षेप-पद्धतींच्या शेवटच्या पायरीवर कोणत्या ना कोणत्या रूपात राबत आहे. चलच्चित्राला तर पुनरुक्तीचा दुसराही आधार आहे. लागोपाठच्या दोन चित्रांत फरक तो कितीसा असणार? संपूर्ण चित्र पुनःपुन्हा न पाठविता केवळ बदललेला भाग पाठवावा, ही कल्पना आर. डी. केल यांच्या १९२९ च्या ब्रिटिश पेटंटात आढळते, तेव्हा दूरचित्रवाणी स्वतःच बाल्यावस्थेत होती. जुन्या पेढीवरचा कारकून कीर्दीत आरंभीची शिल्लक एकदा मांडून पुढे केवळ जमा आणि नावे लिहीत जातो, तद्वत् संगणक एक पूर्ण चित्र साठवितो आणि पुढच्या चित्रांविषयी ‘हा तुकडा एवढा डावीकडे सरकला, तेवढा तसाच राहिला’ अशा नोंदी ठेवतो. ठरावीक अंतराने मात्र पुन्हा एक पूर्ण चित्र, ज्याला कीफ्रेम म्हणतात, ठेवावेच लागते; चलच्चित्र मधूनच पाहावयास लागणाऱ्याला तेथूनच आरंभ करता येतो.

एकेका चित्राच्या अंतर्भागातली पुनरुक्ती काढण्याचा प्रश्न अधिक बिकट होता, आणि तो सुटला तो अशा एका कल्पनेने, जिच्यावर पैसा घालावयास आरंभी कोणी राजी नव्हते. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूर येथे झाला; अभियांत्रिकीचे पहिले शिक्षण तेथेच घेऊन ते अमेरिकेस गेले आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापन करू लागले. १९७२ साली त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे कोसाइन लहरींवर आधारलेल्या एका रूपांतरणाच्या अभ्यासासाठी अनुदानाचा अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा आक्षेप होता. अहमद यांनी नाद सोडला नाही. टी. नटराजन हे त्यांचे विद्यार्थी आणि टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतील के. आर. राव हे सहकारी, अशा तिघा भारतीयांच्या नावे जानेवारी १९७४ मध्ये ते रूपांतरण एका टिपणवजा निबंधात प्रसिद्ध झाले. हे सर्व टिपण तीन-चार पानांचे. आज जेपीईजी छायाचित्र, व्हीसीडी, डीव्हीडी आणि मोबाइलवरचे चलच्चित्र या सर्वांच्या तळाशी हीच कल्पना मूळ वा परिवर्तित रूपात उभी आहे. आणि तरीही आपल्याकडील सुशिक्षितांत या तिघांपैकी एकाचे नाव जाणणारा मनुष्य विरळा, याची प्रस्तुत लेखकाला खंत वाटते.

ती कल्पना अशी. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडावेत. चौकोनातील चौसष्ट बिंदूंची यादी करण्याऐवजी, अगदी सपाट छटेपासून अतिसूक्ष्म चढउतारांपर्यंत चौसष्ट ठरावीक लहरींपैकी कोणती किती मिसळली म्हणजे तो चौकोन तयार होतो, एवढेच लिहावे. भिंत, आकाश, गाल, शालू अशा नैसर्गिक पृष्ठभागांत मोजक्या संथ लहरींतच जवळजवळ सारा मजकूर येतो आणि बाकीचे आकडे शून्याच्या आसपास राहतात. येथवर काहीही नष्ट झालेले नसते. उलट हिशेब केल्यास मूळ चौकोन परत मिळतो. नाश होतो तो पुढल्या पायरीवर, जेव्हा या आकड्यांना एका ठरावीक संख्येने भागून अपूर्णांक सोडून दिले जातात. भाजक जितका मोठा, तितकी फाइल लहान आणि तितके सूक्ष्म लहरींचे उच्चाटन अधिक. भाजक अवाजवी वाढविला, की शेजारशेजारच्या चौकोनांचे कडेला जुळेनासे होते, आणि ज्याला लोक ‘चित्र फाटले’ म्हणतात तो प्रकार दिसू लागतो. रंगांच्या बाबतीत तर काटछाट आधीच झालेली असते: मानवी नेत्र उजेडाच्या तपशिलाविषयी जितका तीक्ष्ण तितका रंगाच्या तपशिलाविषयी नसल्यामुळे रंगाची नोंद चार बिंदूंमागे एकदाच ठेवतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

या शास्त्राचा एक क्रूर विनोद असा, की जो क्षण आपल्याला सर्वांत मोलाचा तोच यंत्राला सर्वांत जड जातो. मंगलाष्टके चालू असताना, उभे वधूवर आणि स्थिर अंतरपाट, येथवर यंत्राला काम बेताचेच असते. परंतु ‘सावधान’ होऊन अक्षतांचा वर्षाव झाला, की शेकडो दाणे शेकडो दिशांनी उडतात, कोणत्याही दाण्याविषयी मागील चित्रावरून अनुमान बांधता येत नाही, आणि ठरावीक बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला ठरावीक बिटांच्या मर्यादेत, बांधलेले यंत्र सगळ्याच चित्राला मातकट करून टाकते. विसर्जन मिरवणुकीतल्या गुलालाची तीच गत. आणि ताशाच्या तडाख्यासारखा एकाएकी उठणारा नाद ध्वनीच्या संक्षेपालाही असाच जड जातो. मंद उजेडात घेतलेल्या चित्रणातील कणकण हा यंत्राच्या दृष्टीने असाच अखंड अक्षतावर्षाव होय. म्हणून दिवा लावून, हात टेकवून, कॅमेरा स्थिर ठेवून घेतलेले चित्रण नुसते सुंदरच नव्हे, हलकेही होते.

या संक्षेपाच्या मानकांचा इतिहास लांबलचक आहे; तो येथे थोडक्यात आटोपतो. १९८८ साली एच.२६१ हे दूरसंभाषणासाठीचे मानक आले. १९९३ मध्ये एमपेग-१ आणि त्यावर उभारलेली व्हीसीडी आली, जिच्यात ३५२ बाय २८८ बिंदूंच्या इवल्या चौकटीत आपल्याकडची असंख्य लग्ने कोंबली गेली. २००३ मध्ये एच.२६४, २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि २०१८ मध्ये एव्ही१. प्रत्येक नवे मानक तेवढ्याच गुणवत्तेसाठी आधीच्यापेक्षा बराच कमी बिटरेट मागतो. पण पाठविलेले चलच्चित्र उघडणारा मोबाइल कोकणातल्या आत्याबाईंचा असतो, संशोधकाचा नव्हे, आणि तिच्या जुन्या हँडसेटवर बिनतक्रार चालण्याचा भरवसा आजही एच.२६४ इतका दुसऱ्या कशाचा नाही.

तारेची अडचण म्हणाल, तर ती फार सैल झाली आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य नागरिकांस खुले केले. पुढे डायल-अपचा वेग वाढत ५६ केबीपीएसपर्यंत आला, त्या पूर्ण वेगानेसुद्धा ६५० एमबीची एक व्हीसीडी पाठवावयास सुमारे २६ तास लागले असते. आज तेच काम मिनिटांचे आहे. अडचण उरली ती दारावरच्या चौकीची. व्हॉट्सॲपने चलच्चित्रावर दीर्घकाळ १६ एमबीची आणि जीमेलने जोडपत्रावर २५ एमबीची मर्यादा ठेवली, आणि मर्यादेबाहेरच्या मालाचे काय करावयाचे, ते ते ॲप आपल्याला न विचारता ठरवू लागले.

तो निर्णय यंत्रावर न सोपविता आपण घ्यावा. १६ एमबी म्हणजे १२ कोटी ८० लाख बिट. चलच्चित्र तीन मिनिटांचे असेल तर सेकंदास सुमारे ७१० किलोबिट वाट्याला येतात, आणि त्यातून आवाजाचा हिस्सा वगळावा लागतो. एवढ्याशा तरतुदीत १९२० बाय १०८० चे चित्र ठेवण्याचा हट्ट म्हणजे सर्वत्र चिखल. तेच ६४० बाय ३६० केले, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला नऊपट मजकूर येतो आणि चेहरे टिकतात. त्याहूनही उत्तम उपाय कात्रीचा आहे: जेथे कोणी काही बोलत नाही, कॅमेरा जमिनीकडे पाहत आहे, तेवढे आधी कापावे. आपल्या लोकांना ही गोष्ट जिवावर येते, पण वीस मिनिटांचे चित्रण पाहणाऱ्या आप्तांच्या सहनशक्तीलाही मर्यादा असते. संगणकावर हँडब्रेक हा मोफत कार्यक्रम या कामास पुरेसा आहे. ठरावीक आकारात बसवावयाचे असल्यास सरासरी बिटरेट सांगून दोन फेऱ्यांत काम करवून घ्यावे. आकाराचे बंधन नसल्यास गुणवत्तेचा अंक द्यावा, जो एच.२६४ साठी २० ते २४ च्या दरम्यान बहुधा समाधानकारक असतो आणि जो सहाने वाढविल्यास फाइल साधारण निम्मी होते. ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ या चौकटीत खूण केली, की फाइलीची अनुक्रमणिका शेवटून उचलून आरंभी येते आणि संपूर्ण उतरण्यापूर्वीच चित्र सुरू होते.

एक दक्षता मात्र अपरिहार्य आहे. संक्षेपावर संक्षेप चढवू नये. प्रत्येक फेरीत नवा भाजक जुन्या अवशेषांवर चालतो, आणि ग्रुपवरून उतरविलेली, पुन्हा कापलेली, पुन्हा दुसरीकडे चढविलेली प्रत चार हातांतून गेल्यावर ओळखू येईनाशी होते. नवी नक्कल दरवेळी मूळ फाइलीवरूनच काढावी. यूट्यूबसारखे मंच तर आपली फाइल स्वतःच पुन्हा संक्षिप्त करतात, म्हणून तेथे आधी पिळलेली प्रत देणे हा दुहेरी तोटा. तेथे उत्तमात उत्तम प्रत द्यावी आणि ग्रुपवर केवळ दुवा पाठवावा. तेथल्या ‘अनलिस्टेड’ या मुभेने फाइल खाजगी होते, असा समज आहे. तो चुकीचा आहे, ज्याच्या हाती दुवा पडेल तो पाहू शकतो. शिवाय मोबाइल पुष्कळदा चित्रणाच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही फाइलीत नोंदवितो. नातवंडांच्या वाढदिवसाबरोबर घराचा पत्ता परक्यांच्या स्वाधीन करण्याचे काही प्रयोजन नाही.

राहिल्या कपाटातल्या कॅसेटी. व्हीएचएसवरील चित्र आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रांनी, एक ओळ सोडून एक, रेखाटलेले असते. ‘डीइंटरलेस’ न करता, म्हणजे ती अर्धचित्रे नीट जुळवून न घेता, ते आकुंचित केले, तर हलत्या हाताच्या कडेला फणीसारखे दाते उमटतात, आणि ते दाते यंत्र मोलाचा तपशील समजून प्राणपणाने जपते. पट्टीला बुरशी लागलेली असल्यास ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. उतरविताना घाईने लहान प्रत करू नये. मिनी-डीव्हीची एक तासाची कॅसेट संगणकावर सुमारे १३ जीबी जागा घेते, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ती जागा क्षुल्लक आहे. मोठी प्रत दोन वेगळ्या ठिकाणी जतन करावी, आणि पाठवावयाच्या नकला तिच्यावरून हव्या तितक्या लहान कराव्यात. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही: व्हीसीआर बनविणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैअखेर ते उत्पादन थांबविले, आणि तेव्हापासून चालू स्थितीतील यंत्रांची संख्या फक्त कमीच होत आहे.