समजून घ्या : बीपीची गोळी देण्याआधी नर्स नाडी का मोजते?

वॉर्डात गोळ्यांचा ट्रे घेऊन आलेली नर्स काही रुग्णांना लगेच गोळी देते, काहींची मात्र आधी नाडी आणि बीपी बघते. आकडा कमी आला तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवते. अनेकदा ही गोळी बीटा ब्लॉकर असते. घरी ती घेणाऱ्यांनीही यामागचं कारण माहीत करून घ्यायला हवं.

नेमकं काय ‘ब्लॉक’ होतं?

घाबरल्यावर किंवा धावताना शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि पेशींवरच्या रिसेप्टरना चिकटतं. रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले. अल्फामुळे रक्तवाहिन्या आकसतात, बीटामुळे हृदयाची धडधड वाढते. ब्लॉकर औषध ही जागा आधीच अडवतं. प्रोप्रानोलॉल हे बीटा ब्लॉकर विकसित करणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

बीटा ब्लॉकर : काय सांभाळायचं?

* मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल ही यातली नेहमीची नावं. नाडी मिनिटाला ६० च्या खाली असेल तर गोळी देण्याआधी सहसा डॉक्टरांना विचारलं जातं.
* दमा असेल तर आधीच सांगा. यातली काही औषधं श्वासनलिका आकसवतात.
* मधुमेहींची साखर घसरली, तरी थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो, त्याकडे लक्ष ठेवा.

अल्फा ब्लॉकर कुठे लागतात?

प्राझोसिन बीपीसाठी, तर टॅम्सुलोसिन प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला अडत असेल तर देतात. प्राझोसिनच्या पहिल्या डोसनंतर उभं राहताच चक्कर येऊ शकते. म्हणून तो रात्री झोपताना घ्यायला सांगतात. उठताना आधी पलंगाच्या कडेला थोडं बसा, मग उभे राहा. टॅम्सुलोसिन सुरू असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

सर्वांत मोठी चूक कोणती?

‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून बीटा ब्लॉकर एकदम बंद करणं. इतके दिवस रोखलेल्या अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम मग जास्तच जोरात होतो. छातीत दुखणं, अगदी हार्ट अटॅकपर्यंत वेळ येऊ शकते. त्यामुळे डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. गावाला जाताना गोळ्यांची पाकिटं मोजून घ्या.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. औषधात कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)